बॉम जेझूसच्या भिंतीला तिचा चुना परत हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा डिसेंबरातल्या फेस्ताच्या (चर्चच्या वार्षिक सणाच्या) निमित्ताने, नाहीतर पावसाळ्यात कुठे गळती लागली म्हणून. दोन्ही वेळा छायाचित्र एकच असते. तांबड्या जांभ्याची उघडी भिंत, आणि खाली ‘चारशे वर्षे ऊनपाऊस झेलत उभी असलेली वास्तू’ अशा अर्थाची एक ओळ. ही ओळ अर्धीच खरी आहे. चर्च चारशे वर्षांचे आहे, पण उघडा दगड चारशे वर्षांचा नाही. तो उघडा पडून जेमतेम पाऊणशे वर्षे होत आहेत. त्याआधीची साडेतीनशे वर्षे तो चुन्याच्या गिलाव्याखाली होता, आणि म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचला. हा गिलावा पुन्हा चढवावा, असे आमचे म्हणणे आहे. पण नुसते ‘चढवा’ म्हणून भागत नाही. चुकीचा गिलावा उघड्या दगडापेक्षा जास्त नुकसान करतो, त्यामुळे काम कसे व्हावे हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी वास्तूबद्दल थोडे. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाने २४ नोव्हेंबर १५९४ रोजी हे काम सुरू केले आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्ते चर्चचा अभिषेक झाला. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव इथे १६२४ मध्ये आले. आतली लांबी १८३ फूट, रुंदी ५५ फूट, उंची ६१ फूट. पश्चिमेकडे तोंड करून उभी असलेली दर्शनी भिंत ७८ फूट उंच आणि ७५ फूट रुंद आहे. बॅसिलिकेला सरसकट बरोक, म्हणजे भरजरी सजावटीच्या युरोपीय शैलीची, म्हटले जाते; पण काटेकोर बोलायचे तर ही दर्शनी भिंत पुरती बरोक नाही. तिच्यावर युरोपातल्या आधीच्या काळाच्या शैलींची छाप जास्त आहे. बरोक आहे ते आत गेल्यावर: सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी वेदी, तिचे पिळाचे खांब, आणि तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने पाठवलेली, फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने घडवलेली संगमरवरी समाधी, जी इथे १६९८ मध्ये उभी राहिली. हे आतले सगळे वैभव सुखरूप राहायचे तर बाहेरच्या भिंतीने पाणी आत जाऊ देता कामा नये. भिंतीचा प्रश्न आहे तो एवढ्यासाठी, तिच्या रंगरूपासाठी नव्हे.

भिंतीत दोन दगड आहेत. भार पेलतो तो जांभा, आणि खांब, कोरीव पट्टे, चौकटी यांसाठी वसईहून आणलेला काळा बसाल्ट. वाटणी अगदी समजून केलेली आहे. जांभ्यावर बारीक नक्षी उठत नाही, धार टिकत नाही, म्हणून घडणीचे काम काळ्या दगडाकडे गेले. जांभ्याला अंगरखा मिळाला चुन्याचा. से कॅथेड्रल, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी, सेंट कायेतान ही शेजारची चर्चे आजही पांढरी आहेत. बॉम जेझूसही तशीच होती. १९५० च्या दशकात बाल्ताझार द कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तिचा गिलावा खरवडून काढण्यात आला. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत खुद्द पोर्तुगालमध्येही जुन्या चर्चांवरचे नंतरचे थर काढून दगड उघडा करण्याची मोठी लाट होती. उघडा दगड ‘पुरातन’ दिसतो, एवढाच त्यामागचा विचार. तिथल्या ग्रॅनाइटला हा प्रयोग बराचसा सोसला. जांभ्याला सोसणारा नव्हता.

कारण जांभा हा नेहमीच्या अर्थाने दगडच नाही. स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडीपुरम इथला जांभा पाहून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, ते विटेच्या लॅटिन शब्दावरून. हे नाव चपखल आहे, कारण चिरेखाणीत तो कुऱ्हाडीने कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. आतून पाहिले तर लोहाच्या ऑक्साइडांचा कडक सांगाडा आणि त्याच्या भोकांत भरलेली पिवळी-पांढरी माती, अशी त्याची रचना. हवा लागून वरची कातडी कडक होते, आतला गाभा मऊच राहतो. पाऊस सरळ अंगावर येत राहिला की आधी भोकांतली माती धुपते, मग उरलेला सांगाडा पोखरलेल्या पोळ्यासारखा होतो, मग त्याच्या भिंती एकेक करून तुटतात. कडक कातडी एकदा गेली की झीज पहिल्यापेक्षा वेगाने होते. पाऊणशे वर्षांपैकी शेवटची वीस वर्षे पहिल्या वीस वर्षांसारखी नसतात, हे इथे ध्यानात घ्यावे लागते.

त्यात भिंतीचे तोंड पश्चिमेला. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नैर्ऋत्येकडून, वाऱ्यावर बसून आडवा येतो. सिंधुदुर्गातले किंवा रत्नागिरीतले जांभ्याचे घर आठवून पाहा. भिंतीपुढे हात-दोन हात आलेली वळचण असते, पश्चिमेला पडवी असते, आणि मिरगाआधी उघड्या बाजूंना माडाची झापे बांधली जातात. चिरा पावसात भिजू नये म्हणून एवढी सोय. चर्चच्या ७८ फुटी दर्शनी भिंतीला वळचण देता येत नाही. तिची वळचण म्हणजे तो चुनाच होता.

भिंतीत शिरलेले पाणी सगळे बाहेर जात नाही. ते मातीतले, हवेतले आणि सांध्यांतल्या मालातले क्षार विरघळवून सोबत घेते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळू लागली की ते क्षार पृष्ठभागाशी येऊन साखळतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. बाहेर पांढरी भुकटी दिसते ती फारशी घातक नाही, ब्रशाने झटकता येते. घातक ते जे दिसत नाही: दगडाच्या आत, अर्धा-एक सेंटिमीटर खोलीवर साखळणारे. ते वाढताना दगडाचा पापुद्रा उचलून देतात. भिंतीच्या आतल्या अंगाला हीच ओल लाकडापर्यंत पोहोचते. वेदीवरचा सोन्याचा मुलामा खडूसारख्या पांढऱ्या लेपावर बसवलेला असतो. ओल आणि सुकणे यांच्या फेऱ्यांत लाकूड हलते, लेप हलत नाही, आणि मुलाम्याचे पोपडे सुटतात. ओलसर लाकडाला वाळवी लागते ती वेगळीच.

गिलावा आणि छप्पर दोन्ही गेले की जांभ्याचे काय होते याचा नमुना याच गावात, मोंती सांतो (होली हिल) टेकडीवर, हाकेच्या अंतरावर उभा आहे. सेंट ऑगस्टीनचा मठ १८३५ मध्ये धर्मसंघांना हाकलल्यावर ओस पडला, १८४२ मध्ये त्याची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा खाली आला. उरलेला ४६ मीटरचा सुळका पर्यटक आज हौसेने पाहतात. बॉम जेझूसची तशी गत आता होणार नाही, तिला छप्पर आहे, वावर आहे, देखरेख आहे. पण दगड दोन्हीकडे तोच आहे.

आता कामाकडे वळतो. पहिले काम गिलाव्याचे नाही, छपराचे आहे. हा क्रम चुकला तर पुढचे सगळे फुकट. २०२० च्या टाळेबंदीत छपराची दुरुस्ती अर्धवट राहिली आणि वळवाच्या पावसाची भीती उभी राहिली, तेव्हा बॅसिलिकेच्या रेक्टरांनी जाहीर पत्र लिहिले होते, हे वाचकांना आठवत असेल. कौलारू छपरात कौल फुटून जेवढे पाणी येते त्याहून जास्त सांध्यांतून येते. आढ्यावरचे कोने, आणि विशेषतः छपरापेक्षा वर गेलेल्या दर्शनी भिंतीच्या पाठीशी छप्पर जिथे टेकते तो सांधा. तिथे शिशाचा वा तांब्याचा पत्रा भिंतीत खाच पाडून नीट वळवलेला हवा. नुसता सिमेंटचा पट्टा मारला तर तो पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीपासून सुटतो आणि केसाएवढ्या फटीतून पुढचे चार महिने पाणी पीत राहतो. दर्शनी भिंतीचा माथाही असाच. पाणी वरून भिंतीच्या पोटात उतरत असेल तर समोरून कितीही गिलावा केला तरी तो मागून ढकलला जाणार.

दुसरे काम पायाशी. भिंतीलगत सिमेंट-काँक्रीट किंवा फरशी असेल तिथे जमिनीतली वाफ बाहेर पडायला वाट नसते, ती भिंतीतून वर चढते. भिंतीलगत हात-दोन हात पट्टा मोकळा करून तिथे खडी भरावी आणि पाणी लांब नेणारी उथळ पन्हळ काढावी. जमीन कालांतराने वर आली असेल तर ती उतरवावी. हे काम पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवे, कारण इथे कुदळ मारली की काहीतरी जुने निघतेच.

तिसरे, भिंतीची सफाई. इथे अति उत्साही कंत्राटदार सर्वात जास्त नुकसान करतात. जोराच्या फवाऱ्याने धुणे जांभ्याला अजिबात चालत नाही, फवारा आधी त्याची कडक कातडीच काढून नेतो. आम्ल चालत नाही, ते लोह सोडवते आणि भिंतीवर ओघळांचे डाग पडतात. शेवाळ आणि बुरशी कोरडी असताना काथ्याच्या वा नायलॉनच्या मऊ ब्रशाने काढावी. पिंपळाची, वडाची रोपे उपटू नयेत. मुळाबरोबर चिराही निघून येतो. बुंधा कापून, कापलेल्या तोंडाला औषध लावून, मूळ आतल्या आत मरू द्यावे, मग ते सैल झाल्यावर काढून पोकळी चुन्याने भरावी. पूर्वी कुठे सिमेंटने दरजा (चिऱ्यांमधले सांधे) भरल्या असतील तर त्या छिन्नीने हाताने काढाव्यात, मशीनची चकती चिऱ्याच्या कडा खाते. जिथे लोणा जास्त तिथे कागदाच्या लगद्याचा ओला लेप द्यावा. तो वाळताना क्षार आपल्याकडे ओढून घेतो. वाळल्यावर काढायचा, नवा लावायचा, आणि काढलेल्या लगद्यातले क्षार मोजायचे. आकडा खाली येऊन स्थिरावेपर्यंत लेप बदलत राहायचे. यात एक अख्खा कोरडा हंगाम जाऊ शकतो, आणि जाऊ द्यावा.

मग चुना. आपल्या किनाऱ्यावर चुना पूर्वी शिंपल्यांचाच व्हायचा. शंभर किलो शिंपले नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास नीट भाजले तर कार्बन डायऑक्साइड उडून जाऊन छप्पन किलो कळीचा (अजून पाण्यात न विरवलेला) चुना उरतो. हा चुना ताजा हवा. पोत्यात महिनाभर पडून राहिलेली कळी हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन अर्धी मेलेली असते, पाण्यात टाकली तर ती तापत नाही, फुटत नाही. विरवताना पाणी हौदात आधी आणि कळी मागून, हा नियम. कळीवर पाणी ओतले तर उकळी अंगावर उडते, डोळा जाऊ शकतो. विरलेला चुना बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली ठेवायचा. गाळला नाही तर न विरलेले कण भिंतीवर जातात आणि सहा महिन्यांनी तिथेच विरून गिलाव्याला पुटकुळ्या आणतात, मग लोक म्हणतात चुनाच खराब. तीन आठवडे हा कमीत कमी मुक्काम. इतक्या महत्त्वाच्या कामाला सहा महिने ते वर्षभर मुरलेला चुना वापरावा. मुरलेला चुना लोण्यासारखा होतो आणि थापीला चिकटून राहतो.

वाळूचा मुद्दा कोकण-गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. हाताशी मिळणारी खाडीची वाळू खारी असते. ती न धुता वापरली तर लोणा आपणच भिंतीत भरतो. वरच्या अंगाची, भरतीचे पाणी न पोहोचणारी नदीची वाळू घ्यावी, धुवावी, आणि धुतलेल्या पाण्याचा क्षार तपासावा. दाणा एकसारखा नको, जाड, मध्यम, बारीक असा मिश्र हवा. नाहीतर चुना जास्त लागतो आणि सुकताना तडे जातात.

मिश्रणाचा एकच ठरलेला नुस्खा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, पण सुरुवात अशी करता येते: पहिल्या थराला एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. वरच्या थरांना एक भाग चुना, तीन भाग वाळू, सुरखी थोडीच. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या चांगल्या विटेची भुकटी. ती चुन्याला पाण्यातही आवळायला लावते, म्हणून पावसाळी भिंतीला तिचा उपयोग. कौलांच्या कारखान्यातला जळालेला चुरा म्हणजे सुरखी नव्हे, त्यात आवळण्याचा गुण उरलेला नसतो. माल घाणीत वा चक्कीत मळावा. काँक्रीटच्या मिक्सरमध्ये तो नुसता ढवळला जातो, दाबला जात नाही, आणि मग मजूर तो सैल व्हावा म्हणून पाणी वाढवतात. गूळ, हिरडा, बेलफळाचे पाणी यांबद्दल हल्ली फार कौतुकाने लिहिले जाते. प्रमाणात घातले तर गुळाने माल कमी पाण्यात चालतो, हिरड्यातल्या टॅनिनचाही उपयोग होतो. पण भरमसाट गूळ घातला तर चुना आवळत नाही आणि मुंग्या मात्र वेळेवर येतात.

पोखरलेल्या चिऱ्यांतल्या खोल पोकळ्या आधी भराव्या लागतात, तेही एका दमात नाही. दोन-तीन सेंटिमीटरहून खोल पोकळीत जांभ्याचे तुकडे चुन्यात बसवून भराव द्यावा. नुसता चुना जाड भरला तर बाहेरून आवळतो, आत कच्चा राहतो. जिथे चिरा बदलावाच लागेल तिथे नवा चिरा खाणीतून काढून एक पावसाळा उघड्यावर ठेवलेला असावा. मऊ निघेल तो त्या पावसाळ्यातच कळतो.

गिलाव्याचे थर तीन. पहिला दहा-बारा मिलिमीटरचा, फेकून मारलेला, वर रेघा ओढलेला, म्हणजे दुसऱ्याला पकड मिळते. दुसरा तेवढाच. तिसरा जेमतेम तीन मिलिमीटरचा. भिंत आदल्या दिवशी आणि पुन्हा कामाआधी भिजवायची, पण पाणी निथळत असताना माल लावायचा नाही. प्रत्येक थर सुकताना बारीक तडे जातात. ते थांबेपर्यंत रंध्याने पुन्हा दाबायचा. इथे उतावीळ गवंडी घात करतो. एका थरानंतर दुसऱ्याला किमान आठ-दहा दिवस हवेत. नुसता चुना सिमेंटसारखा पाण्याने आवळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून तो परत दगड होतो, महिन्याला साधारण मिलिमीटरभर इतक्याच गतीने, आणि त्यासाठी तो ओलसर राहावा लागतो. म्हणून परांचीवर ओले गोणपाट टांगून भिंतीला उन्हापासून आणि वाऱ्यापासून जपायचे. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतरचे ऊन पश्चिमेच्या भिंतीला फार, आणि मे महिन्यात संपवलेला गिलावा कच्चाच पावसात सापडतो.

दर्शनी भिंतीपुरता ढोबळ हिशेब मांडून पाहू. ७८ गुणिले ७५ म्हणजे ५,८५० चौरस फूट, सुमारे ५४० चौरस मीटर, खिडक्या-दारे धरून. अडीच सेंटिमीटर जाडीला साडेतेरा घनमीटर माल. पोकळ्यांचा भराव आणि वाया जाणारा माल धरून अठरा घनमीटर पकडा. त्याला सहा घनमीटरच्या आसपास मुरलेला चुना लागतो, म्हणजे अडीच ते तीन टन चांगली कळी. हा आकडा मुद्दाम दिला, कारण अशा कामाबद्दल ‘एवढा चुना आणायचा कुठून’ असा सूर लावला जातो. तीन टन म्हणजे एका लहान ट्रकचा माल. केरळात शिंपल्यांचा चुना आजही होतो, राजस्थानातून दगडी चुना येतो. अडचण चुन्याची नाही, तो सहा महिने आधी विरवून ठेवण्याची आहे.

हे सगळे झाल्यावर पांढरी सफेदी. दुधाइतकी पातळ, पाच हात, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. इथे शेवटचा धोका आहे. ‘चुन्यासारखा दिसणारा’, पाच वर्षांची हमी असलेला ॲक्रिलिक रंग कुणीतरी सुचवणारच, दगडावर मारायचे सिलिकॉनचे पाणीरोधक औषधही सुचवणार. दोन्ही बाहेरचे पाणी काही काळ अडवतात. पण पाणी वरून, खालून, मागून येतच असते. बाहेर पडायची वाट बंद झाली की ते थराच्या पाठीशी साठते आणि पोपडे दगडासकट सुटतात. सिमेंटच्या गिलाव्याचीही हीच गत, शिवाय सिमेंट जांभ्यापेक्षा कितीतरी कडक. उन्हात दोघे सारखे फुगत नाहीत आणि तुटायची वेळ आली की नेहमी मऊ बाजू तुटते. भिंतीच्या बाबतीत तुटायची पाळी गिलाव्याची असायला हवी, दगडाची नव्हे. चुन्याचा गिलावा हा मुळातच झिजण्यासाठी असतो.

म्हणूनच सफेदी दरवर्षी करावी लागते, पावसाळा सरल्यावर. गोव्यातल्या गावोगावच्या चर्चांना आणि कपेलांना (छोट्या प्रार्थनास्थळांना) फेस्ताआधी चुना लागतो तो नुसता सणाच्या शोभेसाठी नव्हे, पावसाने झिजवलेला थर भरून काढण्यासाठी. बॉम जेझूसचे फेस्त ३ डिसेंबरचे, हंगामही नेमका तोच. या वार्षिक कामाची तरतूद अंदाजपत्रकात कायमची नसेल तर गिलाव्याला हातच लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सात-आठ वर्षे सफेदी झाली नाही की भिंत काळी पडते, मग कुणीतरी ‘विद्रूप’ म्हणून पुन्हा खरवडायला सांगतो.

हरकती आहेत, आणि त्या हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. सर्वात वजनदार हरकत अशी की १९८६ मध्ये गोव्याची चर्चे जागतिक वारसा यादीत गेली तेव्हा ही भिंत तांबडीच होती. दोन पिढ्यांनी तिला तसेच पाहिले, नोटपेपरपासून पोस्टरपर्यंत ती तशीच छापली गेली. मग तांबडा रंगही आता इतिहासाचा भाग झाला नाही का? झाला आहे. पण वारसा म्हणून जपायची गोष्ट कोणती, १६०५ चा चिरा की १९५० च्या दशकातला निर्णय, असा प्रश्न आल्यावर उत्तर चिऱ्याच्या बाजूने द्यावे लागते, कारण निर्णय छायाचित्रांत टिकेल, चिरा टिकणार नाही. आणि गिलावा आवडला नाही तर चुना पुन्हा काढता येतो, धुपून गेलेला दगड परत आणता येत नाही. दुसरी हरकत, की नवी पांढरीशुभ्र भिंत नवी कोरी दिसेल. दिसेल, दोन पावसाळे. काळा बसाल्ट उघडा ठेवायचा की त्यावरही सफेदी होती, हे मात्र कुणाच्या आवडीवर सोडू नये. पट्ट्यांच्या खालच्या अंगाला आणि कोनाड्यांत, जिथे खरवडणाऱ्यांचा हात पोहोचला नसेल, तिथे जुन्या चुन्याचे अंश शोधून, त्यांचे थर भिंगाखाली मोजून ठरवावे. त्याच अंशांतून जुन्या मालाचे प्रमाणही काढता येते, ते वर दिलेल्या आमच्या प्रमाणापेक्षा अर्थातच जास्त विश्वासाचे.

वेळेचा हिशेबही सोपा आहे. सेंट झेवियर यांच्या शवाचे मागचे जाहीर प्रदर्शन ५ जानेवारी २०२५ रोजी संपले. दहा वर्षांचा पायंडा धरला तर पुढचे २०३४ च्या अखेरीस. लाखो लोक येणार असतील त्या वर्षी दर्शनी भिंतीला परांची बांधता येत नाही, त्याच्या आदल्या वर्षी बांधण्याची हिंमतही कुणी करणार नाही. छप्पर आणि पाया यांना दोन हंगाम, क्षार काढायला एक, नमुन्यांच्या चाचणीला दोन पावसाळे, मग प्रत्यक्ष गिलाव्याला दोन हंगाम. काही कामे एकत्र चालतील, तरीही हातात फारशी सवड उरत नाही.

म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला आमची आजची मागणी संपूर्ण गिलाव्याची नाही, फक्त नमुन्यांची आहे. बॅसिलिकेला लागून असलेल्या जेझुइटांच्या जुन्या निवासाच्या, पश्चिमेचा पाऊस खाणाऱ्या पण फारशा नजरेत न येणाऱ्या भिंतीवर एक मीटर बाय एक मीटरचे चार तुकडे निवडावेत. तिघांवर वेगवेगळ्या प्रमाणाचा चुना करावा आणि चौथा तुलनेसाठी उघडा ठेवावा. फेब्रुवारीअखेर काम संपवून दोन पावसाळे त्यांना हात लावू नये. प्रत्येक तुकड्यावर दर पंधरवड्याला ओलावा मोजावा, लाकडी दांडक्याने ठोकून कुठे पोकळ वाजते ते खडूने आखावे, लोणा कुठे उमटला ते टिपावे, आणि ही नोंद कोंकणी, मराठी आणि इंग्रजीत बॅसिलिकेच्या दाराशी एका फलकावर लावावी, म्हणजे भर जुलैत तिथे जाणाऱ्यालाही कोणता तुकडा भिजला आणि कोणता तगला ते वाचता येईल.

आपले,
जुन्या इमारतींच्या चुनेकामाशी संबंधित काही वाचक,
फोंडा आणि सावंतवाडी